मायक्रो-सीटी स्कॅन: बेसाल्टचा तुकडा, ज्वारीतला सोंडकिडा आणि बटण दाबण्याआधीची कामं

मुठीएवढा दगड टेबलावर ठेवून "मॅडम, हा एक मायक्रॉनवर स्कॅन करून द्या" असं म्हणणारा विद्यार्थी वर्षातून तीन-चारदा तरी येतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दगड चांगला असतो, प्रश्नही चांगला असतो. फक्त दगड आणि प्रश्न यांची गाठ कुणी घालून दिलेली नसते. मग आम्ही चहा मागवतो आणि कागदावर भागाकार करायला बसतो. त्या भागाकारापासूनच सुरुवात करू.

त्याआधी यंत्राची दोन वाक्यांत ओळख. दवाखान्यातल्या सीटी स्कॅनमध्ये पेशंट स्थिर असतो आणि एक्स-रेची नळी त्याच्याभोवती फिरते. मायक्रो-सीटीत नळी आणि डिटेक्टर जागेवर असतात, मधल्या छोट्या चकतीवर नमुना गोल फिरतो आणि दर थोड्या अंशाला त्याचा एक्स-रे फोटो निघतो. असे हजारेक ते तीनेक हजार फोटो एकत्र करून गणिताने आतली प्रत्येक चकती, म्हणजे स्लाइस, उभी केली जाते. १९८२ साली जिम एलियट आणि त्यांच्या सहकाऱ्याने या तंत्राची पहिली चित्रं प्रसिद्ध केली, ती एका छोट्या गोगलगायीची होती आणि त्यातला एक पिक्सेल साधारण ५० मायक्रॉनचा होता. आज प्रयोगशाळेतल्या टेबलावरच्या यंत्रावरही एक-दोन मायक्रॉन हा रोजचा व्यवहार झाला आहे. पण तो कुठल्याही नमुन्याला लागू नाही, आणि गैरसमज नेमका इथेच होतो.

कागदावरचा भागाकार

डिटेक्टरवर आडवे २००० पिक्सेल आहेत असं धरा. फिरताना अख्खा नमुना चौकटीत मावला पाहिजे. म्हणजे नमुन्याची सर्वांत जास्त रुंदी भागिले २०००, हा तुमच्या व्हॉक्सेलचा आकार. व्हॉक्सेल म्हणजे त्रिमितीतला पिक्सेल, साखरेचा बारीक चौकोनी दाणा म्हणा. ८० मिलिमीटरच्या दगडाला ४० मायक्रॉन मिळतील. २५ मिलिमीटरच्या तुकड्याला १२.५ मायक्रॉन. ५ मिलिमीटरच्या कांडीला २.५ मायक्रॉन. यंत्राच्या माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात काहीही छापलेलं असो, या भागाकाराला फारशी पळवाट नाही.

आणि एवढ्यावर भागत नाही. एखादी वस्तू ओळखता यायला ती निदान तीन व्हॉक्सेल रुंद असावी लागते. मोजमाप करायचं असेल तर त्याहून बरीच जास्त. त्यामुळे मुठीएवढ्या दगडात १२० मायक्रॉनहून बारीक भेग शोधायला जाऊ नका. ती असली तरी दिसणार नाही, आणि दिसली नाही म्हणून "भेगा नाहीत" असं प्रबंधात लिहाल ते वेगळंच.

तिसरी मर्यादा नळीची. एक्स-रे ज्या ठिपक्यातून निघतात तो ठिपका ५ मायक्रॉनचा असेल, तर नमुना नळीच्या कितीही जवळ नेऊन २ मायक्रॉनचा व्हॉक्सेल मिळवला तरी कडा पसरटच येतात. जितकी वॅटेज वाढवाल तितका ठिपका फुगतो. साधारण एका वॅटला एक मायक्रॉन हा ऑपरेटर लोकांचा ढोबळ आडाखा आहे, आपल्या यंत्राचा खरा तक्ता त्याच्या पुस्तिकेत बघा. घाईत करंट वाढवून वेळ वाचवणारे लोक ही किंमत न कळत मोजतात.

चौथी गोष्ट मला स्वतःला उशिरा उमगली. व्हॉक्सेल निम्मा केला आणि चित्राचा दर्जा तोच हवा असेल, तर नमुन्याला सोळापट डोस द्यावा लागतो. म्हणजे ५ मायक्रॉनवर एका तासात होणारं काम तशाच परिस्थितीत अडीच मायक्रॉनवर करायला रात्र पुरत नाही. म्हणून विद्यार्थ्याला माझा पहिला प्रश्न असतो: तुला दिसायलाच हवी अशी सर्वांत छोटी गोष्ट कोणती आणि ती किती मायक्रॉनची? तिला तीनाने भागा, तो तुमचा व्हॉक्सेल. त्याला २००० ने गुणा, ती तुमच्या नमुन्याची कमाल रुंदी. नमुना त्याहून मोठा असेल तर कापा.

कापायचं नाही म्हणणाऱ्यांसाठी मोठ्या नमुन्याच्या पोटातला छोटा भाग स्कॅन करण्याची सोय असते. पण फिरताना बाहेरचा भाग किरणांच्या वाटेत येत-जात राहतो, त्यामुळे राखाडी छटांचे आकडे विश्वासाचे राहत नाहीत. नुसता आकार बघायचा असेल तर चालेल. एखाद्या संग्रहालयाचा एकुलता एक जीवाश्म असेल तर हाच मार्ग. नाहीतर करवत बरी.

पहिला नमुना: दख्खनचा काळा दगड

पुण्याकडच्या, नाशिककडच्या, जळगावच्या दगडखाणींतला बेसाल्ट हा शिकाऊ माणसासाठी फार चांगला नमुना आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, कॅल्साइट, क्वार्ट्झ अशी खनिजं भरली. वाघोलीच्या खाणीतलं निळंशार कॅव्हनसाइट तर जगभरचे संग्राहक मागतात. म्हणजे एकाच तुकड्यात जड दगड, हलकी खनिजं आणि रिकामी जागा असं सगळं मिळतं.

आधी आकार. पाण्याच्या धारेखाली हिऱ्याच्या टोकाच्या पोकळ ड्रिलने ५ मिलिमीटर व्यासाची कांडी काढा. गोल कांडीच का? चौकोनी तुकडा फिरवला की कोपऱ्यातून किरणांना जास्त जाडी ओलांडावी लागते आणि सपाट बाजूने कमी, त्यातून चित्रात कोपऱ्या-कोपऱ्याला पट्टे उमटतात. ड्रिल नसेल तर सँडपेपरवर कोपरे घासून बोथट करा, तेवढ्यानेही बराच फरक पडतो.

मग वाळवणं. इथे ओव्हनचं बटण सरसकट १०५ अंशांवर ठेवणाऱ्यांनी थांबावं. झिओलाइटच्या (वरचे स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट याच कुळातले) स्फटिकात पाणी मुळातच बांधलेलं असतं, तापवलं की ते निघून जातं आणि खनिज आकसतं, तडकतं. लॉमाँटाइट हे झिओलाइट तर साध्या हवेतही पाणी सोडून भुगा होतं. ४० अंशांवर दोन दिवस, किंवा सिलिका जेलच्या डब्यात आठवडा, हे सुरक्षित. वाळवायचं मात्र हवंच. पोकळीत पाणी राहिलं तर पाणी आणि झिओलाइट यांच्या छटा जवळ येतात आणि नंतर दोघांना वेगळं काढताना डोळे दुखतात. पाणीच बघायचं असेल, म्हणजे ते कुठल्या वाटेने मुरतं हा प्रश्न असेल, तर त्यात पोटॅशियम आयोडाइड विरघळवा. आयोडिन एक्स-रे जोरात शोषतं, पाणी उठून दिसतं.

आता किरण किती पार होतात त्याचा हिशोब. सुमारे ६० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे किरण १ सेंटिमीटर बेसाल्टमधून ढोबळमानाने एक-तृतीयांश पार होतात. अडीच सेंटिमीटरमधून ६-७ टक्केच. तुलनेला लोखंड घ्या: अर्ध्या सेंटिमीटरमधून एक टक्काही नाही. म्हणून "आत एक बारीक स्टीलची पिन आहे, चालेल ना?" या प्रश्नाचं उत्तर सहसा "नाही" असतं. पिनेभोवतीचा सगळा भाग काळ्या-पांढऱ्या रेघांनी भरून जातो.

बेसाल्टमध्ये एक फसवी जागा आहे. झिओलाइट गडद दिसतात, पोकळी काळी, लोह-टायटॅनियमची खनिजं झगझगीत पांढरी, इथपर्यंत ठीक. पण कॅल्साइट दगडापेक्षा हलकं असूनही त्यातल्या कॅल्शियममुळे या ऊर्जेला जवळपास दगडाच्याच छटेत जाऊन बसतं. पांढराशुभ्र स्फटिक डोळ्यांना ठळक दिसतो आणि स्कॅनमध्ये गायब होतो. म्हणून कांडी काढलेल्या जागेच्या शेजारचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ठेवावा, किंवा सौम्य आम्लाचा थेंब टाकून फेस येतो का ते बघावं. ही पारख यंत्राच्या आधी करायची.

दुसरा नमुना: ज्वारीतला सोंडकिडा

धान्यातला सोंडकिडा प्रत्येक घरात भेटतो. मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते, वरून चिकट बूच लावते. अळी आतच वाढते, आतच कोष करते आणि पूर्ण किडा होऊन बाहेर पडते. बाहेरून दाणा बराच काळ साबूत दिसतो. एक्स-रेला यापेक्षा चांगलं काम कोणतं? हापूसमधला साका शोधायलाही संशोधकांनी एक्स-रेच वापरून पाहिला आहे, कारण साक्याच्या जागी हवेच्या पोकळ्या असतात आणि त्या वेगळ्या छटेत दिसतात.

दाण्यातला बोगदा एवढाच बघायचा असेल तर काहीही रंग नको. दाणे डबीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, कारण जिवंत अळी स्कॅन चालू असताना वळवळते आणि आख्खं चित्र धुरकट होतं. सकाळी बाहेर काढून खोलीच्या तपमानावर आले, वरची ओल सुकली, की थेट स्कॅन. ४० ते ५० किलोव्होल्ट, फिल्टरशिवाय. हवा आणि पीठ यांच्यात एवढा फरक असतो की बोगदा पहिल्याच स्लाइसमध्ये स्वच्छ दिसतो.

किड्याचे स्नायू, मेंदू, आतडी पाहायची असतील तर गोष्ट बदलते. मऊ ऊती म्हणजे बहुतेक पाणी, कार्बन, नायट्रोजन. एक्स-रेला या सगळ्यांत फारसा फरक जाणवत नाही. म्हणून जड अणूचा रंग चढवायचा. फ्रीजरमधला किडा इथे चालणार नाही, बर्फाच्या सुया पेशी फाडतात. जिवंत किडा थेट ७० टक्के अल्कोहोलमध्ये टाका आणि एक-दोन दिवस ठेवा. नंतर ८०, ९०, शेवटी शुद्ध अल्कोहोल, प्रत्येकात तासभर. मग शुद्ध अल्कोहोलमध्ये १ टक्का आयोडिनच्या द्रावणात चोवीस तास. शेवटी शुद्ध अल्कोहोलने दोन-तीनदा धुवा, म्हणजे भोवतीचं द्रव फिकं होतं आणि किडा उठून दिसतो.

दोन अडचणी हमखास येतात. किड्याचं कवच जलरोधक असतं, आयोडिन आत शिरतच नाही. एक पाय खुब्यापासून काढा किंवा पोटाच्या बाजूला सुईने बारीक छिद्र करा. कोणता पाय काढला ते वहीत लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी "पाच पायांचा सोंडकिडा" असा शोध लागतो. दुसरी अडचण विचार केला तर लगेच कळते, पण मी अख्खा दिवस वाया घालवून शिकले: किडा दाण्यासकट आयोडिनमध्ये बुडवू नका. शाळेत बटाट्यावर आयोडिनचा थेंब टाकला होता ना? इथेही पिष्टाने आयोडिन पिऊन घेतलं, दाणा दगडासारखा पांढरा आला आणि आतला किडा दिसेनासा झाला.

पृष्ठवंशी प्राण्यांचे भ्रूण, उंदराचं हृदय, माशाचं डोकं यांच्यासाठी पाण्यातलं ल्युगॉल द्रावण जास्त वापरतात. १०० मिलिलिटर पाण्यात आधी २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड विरघळवायचं, मग १ ग्रॅम आयोडिन, आणि गरजेप्रमाणे पातळ करायचं. उलट क्रमाने केलंत तर आयोडिन तळाशी तसंच बसून राहील. ल्युगॉलचा मोठा दोष म्हणजे ऊती आकसतात, स्नायू तर फारच. द्रावण ठेवून ठेवून आम्लधर्मी होतं हे त्यामागचं एक महत्त्वाचं कारण, म्हणून आता आम्लता स्थिर ठेवणाऱ्या फॉस्फेट बफरमध्ये बनवलेलं ल्युगॉल वापरण्याकडे कल आहे. द्रावण पातळ ठेवा आणि रंग उतरला की बदला, एकदम कडक द्रावणात टाकून घाई करू नका. मोठ्या नमुन्याला आठवडे लागतात.

दुसरा रंग फॉस्फोटंगस्टिक आम्ल, ७० टक्के अल्कोहोलमध्ये ०.३ ते १ टक्का. भ्रूणाच्या कामात ऑस्ट्रियातल्या ब्रायन मेट्शर यांच्या २००९ च्या निबंधांनंतर ते फार लोकप्रिय झालं. कोलॅजन असलेल्या ऊती त्यात सुंदर दिसतात. पण त्याचा रेणू मोठा, आत मुरायला वेळ घेतो, आणि एकदा बसला की सहजासहजी निघत नाही. आयोडिन मात्र सोडियम थायोसल्फेटने धुऊन काढता येतं. संग्रहालयाचा नमुना असेल तर हा फरक आधी अभिरक्षकाला सांगा. डीएनएसाठी तुकडा हवा असेल तर तो रंग देण्याआधी काढून ठेवा.

हाडं आणि दात यांना रंग नको, त्यांचं कॅल्शियम पुरेसं आहे. फक्त वाळू देऊ नका. उघड्यावर ठेवलेल्या दातातलं डेंटिन तडकतं आणि ती तडक तुम्ही रुग्णाची म्हणून मोजता. पॅराफिल्म, म्हणजे ताणली जाणारी मेणासारखी पट्टी, गुंडाळा.

आणि कायदा. सह्याद्रीतून बेडूक किंवा सरडा उचलून आणणाऱ्यांसाठी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, २००२ चा जैवविविधता कायदा आहे. परवानगीचा कागद नमुन्याबरोबर येऊ द्या. सोंडकिड्याला परवानगी लागत नाही, हा त्याचा आणखी एक गुण.

बसवणी

बिघडलेल्या दहा स्कॅनपैकी निम्म्याहून जास्त इथे बिघडतात, असा माझा अनुभव आहे. २ मायक्रॉनचा व्हॉक्सेल असेल आणि तीन तासांत नमुना ५ मायक्रॉन सरकला, तर सगळ्या कडा दुहेरी येतात. ५ मायक्रॉन म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीचा लहानसा अंश. चिकटपट्टी एवढी सहज सरकते. दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोमची टेप तर माझ्या खोलीत बंदच आहे.

दगडाची कांडी ॲल्युमिनियमच्या पिनेवर ग्लू गनने किंवा दोन भागांच्या इपॉक्सीने बसवा, आणि इपॉक्सी पूर्ण कडक होऊ द्या. रात्रभर. कोरडा दाणा थर्मोकोलच्या तुकड्यात खाच करून दाबून बसवा. थर्मोकोल म्हणजे जवळजवळ हवाच, एक्स-रेला तो दिसत नाही म्हटलं तरी चालेल. टीव्हीच्या खोक्यातले तुकडे मी वर्षानुवर्षं साठवून ठेवते. अल्कोहोलमधला किडा मायक्रोपिपेटच्या प्लास्टिक टोकात उतरवा. टोक खाली निमुळतं असल्यामुळे तो आपोआप अडकतो. खालचं छिद्र आधी ज्योतीवर वितळवून बंद करा, वर मेण लावा. भ्रूणासारखं नाजूक काही असेल तर १ टक्का ॲगरोजच्या जेलीत. ॲगरोज ओतताना बुडबुडा राहिला तर किरणांच्या उबेने तो मोठा होतो आणि नमुन्याला ढकलतो, म्हणून बुडबुडे सुईने काढूनच झाकण लावा.

लांब बाजू उभी ठेवा. आणि ज्या भागात रस आहे तो चौकटीच्या मध्यउंचीवर आणा, कारण किरण शंकूच्या आकारात पसरतात, वरच्या आणि खालच्या टोकाच्या स्लाइस गणिताला नीट सुटत नाहीत आणि पसरट दिसतात.

बसवून झाल्यावर यंत्रात ठेवा आणि थांबा. अर्धा तास, जमलं तर एक. आतली हवा गरम असते, मेण, गोंद, अल्कोहोल सगळं थोडं प्रसरण पावतं. नळीलाही गरम होऊन स्थिरावायला वेळ लागतो. या वेळात एक काम करा: नमुना हाताने आज्ञा देत हळूहळू पूर्ण ३६० अंश फिरवून बघा. नमुन्यातून बाहेर आलेली एक तार मी बघितली नव्हती, ती नळीच्या खिडकीला घासली. ही खिडकी बऱ्याच नळ्यांत बेरिलियमची असते, ते विषारी असतं आणि दुरुस्तीचं बिल वेगळं. काही झालं नाही, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही.

किलोव्होल्ट, फिल्टर, वेळ

नळीला १०० किलोव्होल्ट दिले म्हणजे सगळे किरण १०० चे निघत नाहीत. शून्यापासून १०० पर्यंतचं मिश्रण निघतं आणि त्यात बराच वाटा खालच्या ऊर्जेचा असतो. हे कमजोर किरण नमुन्याच्या बाहेरच्या थरातच अडकतात, आत जाणारी तिरीप जास्त ताकदीची उरते, आणि गणिताला वाटतं की मधला भाग पातळ आहे. स्लाइसमध्ये कांडीचा मध्य गडद आणि कडा उजळ दिसतात, वाटीसारख्या. याला बीम हार्डनिंग म्हणतात. उपाय म्हणजे कमजोर किरण नमुन्याआधीच धातूच्या पातळ पत्र्याने गाळून टाकणं.

५ मिलिमीटरच्या बेसाल्ट कांडीला मी ८० ते १०० किलोव्होल्ट आणि अर्ध्या मिलिमीटरचा ॲल्युमिनियम फिल्टर यापासून सुरुवात करते. २५ मिलिमीटरच्या तुकड्याला १२० ते १४० आणि अर्धा मिलिमीटर तांबं. आयोडिन दिलेल्या किड्याला ५० ते ७०: आयोडिनचं शोषण ३३.२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला एकदम उडी मारून वाढतं, त्यामुळे बरेचसे किरण त्या पायरीच्या जरा वर पडावेत असं बघायचं. आकडे पाठ करू नका. पडद्यावर एक फोटो काढा आणि नमुन्याच्या सर्वांत जाड बाजूतून मोकळ्या हवेच्या तुलनेत किती टक्के उजेड येतो ते मोजा. २० ते ३५ टक्के उत्तम. १० च्या खाली गेला तर व्होल्टेज वाढवा किंवा नमुना बारीक करा. ७०-८० टक्के येत असेल तर व्होल्टेज जास्त झालंय, फरक दिसणार नाही.

फोटो किती काढायचे? नमुना पडद्यावर जितके पिक्सेल रुंद, त्याला दीडने गुणा, वर थोडे घाला. नेमकं सूत्र पायचा निम्मा, म्हणजे १.५७. २००० पिक्सेलला सुमारे ३१००. एका फोटोला एक सेकंद धरला तर ५० मिनिटं. दाणेदारपणा निम्मा करायचा तर वेळ चौपट, म्हणजे साडेतीन तास. मी आधी नेहमी २० मिनिटांचा कच्चा स्कॅन करते. नमुना हलतोय का, रंग मुरलाय का, भलताच दगड तर बसवला नाही ना, हे त्यातच कळतं. मुख्य स्कॅन झाल्यावर पहिला आणि शेवटचा फोटो, म्हणजे ० आणि ३६० अंशांचा, एकावर एक ठेवून वजा करा. फरकाचं चित्र कोरं आलं पाहिजे. कडेला सावली दिसली तर नमुना सरकलाय. आणि रिकन्स्ट्रक्शन, म्हणजे गणिताने उभ्या केलेल्या स्लाइस, डोळ्याखालून जाईपर्यंत नमुना स्टेजवरून काढू नका.

मोकळ्या किरणांचा आणि किरण बंद असतानाचा असे दोन्ही संदर्भ फोटो त्याच दिवशी, त्याच व्होल्टेजला घ्या. कालचे वापरले की मध्याभोवती गोल कडी उमटतात.

स्लाइस उघडल्यावर

बहुतेक यंत्रं रिकन्स्ट्रक्शनसाठी फेल्डकँप, डेव्हिस आणि क्रेस यांची १९८४ ची पद्धत वापरतात. तिघे फोर्ड मोटर कंपनीच्या संशोधन विभागातले, मोटार कंपनीचा हा उपकार फारसा कुणाला आठवत नाही. तुमचं काम दोन-तीन गोष्टी ताडून बघण्याचं. फिरण्याचा मध्य चुकला तर बारीक कणांना चंद्रकोरीसारख्या शेपट्या फुटतात. सॉफ्टवेअरने मध्य आपोआप काढला तरी एक-दोन पिक्सेल इकडे-तिकडे करून हाताने बघा. शेपट्या एकाच बाजूला असतील तर मध्य चुकलाय, वेगवेगळ्या उंचीच्या स्लाइसमध्ये वेगवेगळ्या असतील तर नमुना हललाय. पहिलं दुरुस्त होतं. दुसऱ्यासाठी स्कॅन पुन्हा.

फायलींचा आकार आधीच सांगून ठेवते: २००० च्या घनात प्रत्येक व्हॉक्सेलला दोन बाइट, म्हणजे १६ गीगाबाइट. मूळ फोटो वेगळे, ते २५ च्या आसपास. पेनड्राइव्ह घेऊन येणाऱ्यांना आम्ही प्रेमाने परत पाठवतो.

पुढचं काम फिजी किंवा थ्रीडी स्लायसर या मोफत सॉफ्टवेअरवर चांगलं होतं. दाणेदारपणा मीडियन फिल्टरने किंवा नॉन-लोकल मीन्सने कमी करा, पण बेताने. मग काळं आणि राखाडी यांच्यातली सीमारेषा, म्हणजे थ्रेशोल्ड. थ्रेशोल्ड आपोआप ठरवणारी ओत्सूची १९७९ ची पद्धत दोन गटांना बरी, बेसाल्टमध्ये मात्र गट चार-पाच असतात, तिथे तिच्यावर आंधळा विश्वास नको. मी थ्रेशोल्ड थोडा वर आणि थोडा खाली सरकवून सच्छिद्रता तीनदा मोजायला लावते आणि तीनही आकडे छापायला लावते. जिथे भोकं व्हॉक्सेलएवढी बारीक आहेत तिथे एकाच व्हॉक्सेलमध्ये अर्धी हवा, अर्धा दगड असतो, आणि तीन आकडे एकमेकांपासून लांब पळतात. तो स्कॅन बारीक भोकांबद्दल काही सांगत नाही, मोठ्यांबद्दल सांगतो.

घनफळ मोजणाऱ्यांनी यंत्राचा व्हॉक्सेल खरंच तेवढा आहे का ते माहीत व्यासाचा गोळा स्कॅन करून तपासावं. लांबीत एक टक्का चूक म्हणजे घनफळात तीन टक्के. हाडांची घनता हवी असेल तर हायड्रॉक्सीॲपेटाइटचे, म्हणजे हाडातल्या खनिजाचे, ठरावीक घनतेचे नमुने त्याच व्होल्टेजला, त्याच फिल्टरने स्कॅन करून तुलना करायची. राखाडी छटेचा नुसता आकडा म्हणजे घनता नव्हे.

यंत्र कुठे मिळेल, आणि बॅज

आपल्या संस्थेत यंत्र नसेल तर आय-स्टेम या सरकारी पोर्टलवर देशभरातल्या संस्थांची उपकरणं शोधता येतात. मऊ ऊती रंगाशिवाय बघायच्या असतील, किंवा कार्बन फायबरसारखं फिकं काही असेल, तर इंदूरला राजा रामण्णा केंद्रातल्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे अतिशय प्रखर एक्स-रे देणाऱ्या मोठ्या यंत्रावर, इमेजिंगची बीमलाइन आहे, तिथे प्रस्ताव पाठवून वेळ मागावी लागते. तिथल्या किरणांत कडांवर होणारा लाटांचा सूक्ष्म बदलही टिपता येतो, शोषणात न दिसणारा फरक त्यात दिसतो. यंत्र न शिवता सराव करायचा असेल तर मॉर्फोसोर्सवर प्राण्यांचे आणि डिजिटल पोरस मीडिया (पूर्वीचं डिजिटल रॉक्स) पोर्टलवर दगडांचे खरे डेटासेट पडलेले आहेत.

यंत्राची पेटी शिशाने मढवलेली असते, दार उघडलं की किरण बंद होतात. दाराचं कुलूप-स्विच "जरा वेळ" बायपास करू बघणाऱ्याला खोलीबाहेर काढा. नियमित काम करणाऱ्यांनी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमाप्रमाणे अंगावर पडलेला किरणांचा डोस मोजणारा टीएलडी बॅज लावायचा आणि तो दर तिमाहीला तपासणीला पाठवायचा. बॅज ड्रॉवरमध्ये सुरक्षित ठेवणाऱ्यांचा डोस नेहमी शून्य येतो.

वेळ मागण्याच्या ईमेलमध्ये एवढं लिहून पाठवा: नमुना कशाचा, सर्वांत रुंद बाजू किती मिलिमीटर, आत धातू आहे का, ओला की कोरडा, कोणता रंग दिला आणि कधी, आणि दिसायलाच हवी अशी सर्वांत छोटी गोष्ट किती मायक्रॉनची. शेवटचा आकडा रिकामा सोडलेला असेल तर मी फोन करते.